कृष्णधवल निगेटिव्हसाठी इन्फ्रारेड सफाईचा उपयोग नाही

‘स्कॅनर घेताना इन्फ्रारेड सफाईची सोय आहे ना, एवढे पाहावे, धूळ आणि ओरखडे आपोआप निघतात’ हे जुन्या निगेटिव्ह घरी स्कॅन करण्यावरच्या आपल्या लेखातील विधान रंगीत फिल्मपुरतेच खरे आहे. या सोयीत स्कॅनर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखतो आणि चित्रातून पुसतो. रंगीत फिल्मवरील रंगद्रव्यातून इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो आणि फक्त धूळच त्याला अडवते, म्हणून ती वेगळी ओळखता येते. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर मात्र प्रतिमाच चांदीच्या कणांची असते आणि ती चांदीही हा प्रकाश अडवते. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या निगेटिव्ह ही सोय चालू ठेवून स्कॅन केल्या, तेव्हा मुंडावळ्यांचे मोती धूळ समजून पुसले गेले आणि शालूच्या जरीच्या कडा फिसकटल्या. आपल्याकडच्या बहुतेक घरांतले १९७० पूर्वीचे फोटो कृष्णधवलच असल्यामुळे ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती.

अशा संग्रहासाठी त्या सोयीवर जादा पैसे घालण्याऐवजी फिल्म सपाट धरणारा चांगला होल्डर, हवेचा फुगा आणि मऊ ब्रश घ्यावा, आणि उरलेले डाग संगणकावर हाताने काढावेत. छपाईचे म्हणाल तर ३५ मिमीची चौकट खऱ्याखुऱ्या २४०० डीपीआयने (दर इंचाला २४०० ठिपके) स्कॅन केली, तरी ३०० डीपीआयला सुमारे ११ बाय साडेसात इंचांचा प्रिंट मिळतो, त्यामुळे स्कॅनरच्या खोक्यावरच्या डीपीआयच्या मोठ्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही इन्फ्रारेड सफाई बेभरवशाची ठरते. ती वापरायचीच असेल, तर आधी एकाच स्लाइडवर चालवून बारकाईने पाहावी.