भुवयांना लेझर नकोच

भुवईखालचे केस लेझरने कायमचे घालवू, पाच मिनिटांचं काम आहे, असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठून या. हातापायांवरच्या लेझरला माझा विरोध नाही. पण डोळ्याच्या खोबणीचं हाड बोटाला लागतं ना, त्याच्या आत ते मशीन कुणीही फिरवू नये.

लेझरला केस कळत नाही, रंग कळतो. केसाच्या मुळातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापतं आणि मूळ जळतं. तेच मेलॅनिन बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात असतं आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यातही. ७५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींचं अलेक्झांड्राइट, ८१० च्या आसपासचं डायोड, १०६४ चं एनडी-याग, केस काढायच्या या लेझरांचा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर खोल जातो, म्हणून तर ते वापरतात. आणि पापणीची त्वचा अख्ख्या शरीरात सर्वांत पातळ.

"डोळे घट्ट मिटा, काही होत नाही." या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. डोळे मिटले की बहुतेकांचं बुबुळ आपोआप वर सरकतं, म्हणजे नेमकं मशीनच्या टोकाकडे! दचकून पापणी मिटेल म्हणावं तर हा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, आणि झोत काही मिलिसेकंदांत येऊन जातो.

गॉगल असतोच की, असंही सांगतात. पण भुवईचा खालचा काठ गाठायला तोच गॉगल खाली सरकवला जातो. डोळा बधिर करून पापणीच्या आत बसवायचं धातूचं कवच असतं, पण ते बसवणं डॉक्टरचं काम आहे.

नेत्रतज्ज्ञांनी अशा इजा नोंदवल्या आहेत: डोळ्याच्या आत सूज, वेडीवाकडी झालेली बाहुली, मोतीबिंदू, क्वचित मागच्या पडद्याला इजा. रंगीत पडदा एकदा विरला की पुन्हा भरून येत नाही. मग साधं ऊनही डोळ्यांना सोसत नाही. ते सुद्धा चिमट्याने उपटता येणाऱ्या चार केसांसाठी!

केस घालवायला तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं घरगुती आयपीएल मशीनही डोळ्यांभोवती वापरू नका, ते लेझर नसलं तरी.

आधीच करून घेतलं असेल आणि डोळा दुखतोय, लाल झालाय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर थेंब टाकून वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. कोणतं मशीन होतं आणि किती शक्तीवर चालवलं, हे पार्लरकडून लिहून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर त्यासाठी थांबू नका, आधी डोळा दाखवा.