लाइटबिल जपून ठेवा

मुंबईत घर हवंय? मग पैसे साठवत बसू नका, कागद साठवा.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीच्या बदल्यात पक्कं घर मिळतं. पहिली गोष्ट, झोपडीत यायची तारीख नीट निवडा. १ जानेवारी २००० च्या आधी आलात, तर घर फुकट. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलात, तर सशुल्क, अडीच लाख भरा. त्याच्याही नंतर आलात, तर तुम्ही माणूस नाही, अतिक्रमण. पण घाबरू नका, आधी ही तारीख १९९५ ची होती. दर दोन-चार निवडणुकांनी ती पुढे सरकते, तोवर तग धरा.

आता पुरावा. तुम्ही स्वतः, तुमची पोरं, दारातली तुळस यातलं काहीच पुरावा नाही. पुरावा म्हणजे लाइटबिल. आमच्या आईकडे साडीच्या दुकानातली एक पिशवी होती. त्यात आजोबांचा १९७६ च्या झोपडपट्टी गणनेतला फोटोपास, म्हणजे झोपडीवाल्याचं सरकारी ओळखपत्र, रेशनकार्ड, आणि शाई उडून पिवळट पडलेली बिलं, लॅमिनेशन केलेली. २६ जुलै २००५ ला पाणी छातीला लागलं, तेव्हा आईने आधी पिशवी पोटमाळ्यावर फेकली आणि मग मला. बरोबरच होतं तिचं. मी काही पात्रता यादीत नाव लावू शकत नव्हतो.

पोटमाळ्यावरून आठवलं, वर राहू नका. वीस वर्षं वर संसार केलेला काका सरकारदरबारी हवेत राहतो. मतदान मात्र तो जमिनीवर येऊन करतो.

बिल्डर आला की सभेला जा. काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल असतं, खाली बोटभर उंचीची प्लॅस्टिकची झाडं. वडापाव खा आणि संमतीपत्रावर सही करा. पूर्वी सत्तर टक्के संमती लागायची, आता एक्कावन्न पुरते, म्हणजे विचार करायचं तुमचं ओझंही हलकं झालं. झोपडी पाडली की इमारत होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर भाडं देतो. पहिल्या वर्षाचं वेळेवर येतं. पुढे फोन लागत नाही. तेव्हा सेल बिल्डिंगकडे, म्हणजे बिल्डर बाजारात विकायला बांधतो त्या इमारतीकडे, बघत जा, ती कशी भराभर वर जाते! तेवढीच प्रगती डोळ्यांना दिसते.

१९९५ साली चाळीस लाख लोकांना फुकट घरं द्यायचं ठरलं होतं. तुमचा नंबर लागला नाही म्हणून चिडू नका, थांबलात म्हणून घर वाढलं. तेव्हा २२५ चौरस फूट होतं, मग २६९, आता ३००. आणखी थांबलात तर कदाचित पलंगही मावेल.

ताबा मिळाला की खिडकी उघडू नका. समोरच्या काकूंच्या फोडणीने तुम्हालाच ठसका लागेल. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास करणाऱ्यांना तिथे ऊन-वारा कमी आणि क्षयरोग जास्त आढळला. झोपडीत निदान पत्र्याच्या भोकातून ऊन यायचं, पण त्याला मंजूर नकाशा नव्हता. लिफ्ट बंद असेल तर अकरा मजले चढा. तेवढाच फुप्फुसांना व्यायाम.

मग थोरल्याचं लग्न होईल. तीनशे फुटांत दोन संसार मावत नाहीत म्हणून तो मालाडच्या मालवणीला भाड्याने खोली घेईल, वर पत्रा, खाली नाला. सून गॅस, कुकर, गाद्या टेम्पोत चढवत असेल. तुम्ही त्याला बाजूला घ्या आणि एक रिकामी पिशवी द्या. दुकानाचं नाव नसलेली, जाड प्लॅस्टिकची. भिजत नाही ती.