कोण कोणाला विचारतो, याचा नकाशा कसा काढावा

मोठ्या कंपनीत आपण जबाबदारीच्या पदावर असाल, तर एक अप्रिय गोष्ट आपल्या कानावर आली असेलच: स्वागतकक्षात फ्रेम करून लावलेल्या पदांच्या तक्त्याप्रमाणे आपल्याकडे कोणीही काम करीत नाही. पुरवठादाराचे बिल अडकले, की माणसे लेखा विभागाच्या प्रमुखांना रीतसर मेल पाठवण्याऐवजी तळमजल्यावरच्या एका लिपिकाला फोन करतात आणि बिल संध्याकाळपर्यंत सुटते. आपल्याला न विचारता एवढे काम उरकले जावे, ही कोणत्याही व्यवस्थापनाने मनाला लावून घ्यावी अशीच बाब आहे. तेव्हा या चोरट्या मदतीचा नकाशा काढून घ्या.

त्यासाठी सल्लागार नेमावा. तो प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक ठिपका करील, कोण कोणाकडे जातो त्याप्रमाणे रेघा ओढील आणि हे शास्त्र अगदी ताजे असल्याचे सांगेल. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने माणसांच्या नात्यांचे असे आलेख १९३० च्या दशकातच काढले होते, हे सांगून त्याचा दर पाडण्याचा मोह मात्र टाळा. स्वस्तातल्या नकाशावर संचालक मंडळाचा विश्वास बसत नाही.

मग सर्वांना प्रश्नावली द्या: ‘कामात अडचण आल्यास आपण कोणाकडे जाता? पाच नावे लिहा.’ उत्तरे गोपनीय राहतील असे ठळक अक्षरांत छापा आणि त्याखालीच कर्मचारी क्रमांकाचा रकाना ठेवा. बहुतेक जण पहिले नाव साहेबांचेच लिहितील आणि साहेब मखरातल्या गणपतीसारखे नकाशाच्या मध्यभागी विराजमान होतील. एवढ्याने समाधान झाले नाही, तर मेलचे दप्तर उघडा. एन्रॉन कंपनीची (दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे या नावाची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको) चौकशी झाली, तेव्हा सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांच्या मेल २००३ मध्ये जाहीर झाल्या आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्यांतून कोण कोणाशी बोलत होते याची जाळी विणली. अर्थात, उत्तम नकाशासाठी कंपनी आधी बुडालीच पाहिजे, अशी काही अट नाही.

या कामाला परंपराही थोर आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ पासून चौदा कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्यावर एक निरीक्षक नेमला होता. टेलिफोन एक्स्चेंजच्या संचांना तारा जोडणे, त्यांना डाख लावणे आणि जोडण्या तपासणे ही त्यांची कामे. आपसांत कामे बदलून घेण्यास मनाई. निरीक्षकाने मुकाट्याने टिपले, की तारा जोडणारे आणि डाख लावणारे खुशाल कामांची अदलाबदल करतात, मागे पडलेल्याच्या मदतीला उठून जातात आणि दिवसाला दोन संच पुरेत असे आपसांत ठरवून, जास्त उरकणाऱ्याच्या दंडावर बुक्की हाणतात. कोण कोणाला मदत करतो, याच्या आकृत्याही काढल्या गेल्या. मे १९३२ मध्ये मंदीने कामच उरले नाही, म्हणून खोली बंद झाली. आकृत्या मात्र पुस्तकांत सुखरूप आहेत. आपणही हेच ध्येय ठेवावे.

नकाशा हाती आला, की लगेच कारवाई करा. मी ज्या कारखान्यात नोकरी केली, तेथे सर्वांत मोठा ठिपका टूलरूममधल्या एका काकांचा निघाला. थंडीत तीन नंबरच्या हायड्रॉलिक प्रेसवर पहिला जॉब लावण्याआधी मशिन वीस मिनिटे रिकामे चालवून तेल तापू द्यावे, नाहीतर पहिले दहा-बारा नग स्क्रॅपमध्ये जातात, हे कोणत्याही कागदावर नव्हते. पहिल्या पाळीचा मुलगा काकांच्या टेबलाशी जाऊन ‘काका, आज किती वेळ?’ एवढेच विचारी. व्यवस्थापनाने काकांचा गौरव केला, त्यांना ‘नॉलेज चॅम्पियन’ हे पद दिले आणि प्रशासकीय इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वातानुकूलित केबिन दिली. त्यांना काही विचारायचे, तर आधी पोर्टलवर तिकीट काढावे आणि वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, अशी सोयही केली. काकांनी तेलाची गोष्ट पोर्टलवर ‘इतर’ या सदरात इमानेइतबारे टंकलिखित केली. त्या हिवाळ्यात तीन नंबरच्या प्रेसशेजारी स्क्रॅपची दुसरी पेटी ठेवावी लागली.

सहा महिन्यांनी नवा नकाशा काढला, तेव्हा काकांच्या ठिपक्याला एकच रेघ उरली होती आणि ती सल्लागाराकडे जात होती. शॉपफ्लोअरवरच्या सगळ्या रेघा गेटबाहेरच्या चहावाल्याकडे वळल्या होत्या, कारण काका साडेदहाला चहा प्यायला तेथेच येत. परंतु चहावाला कंपनीच्या वेतनपटावर नसल्यामुळे तो ठिपका सल्लागाराने अंतिम अहवालातून वगळला.