‘सॉफ्टवेअर अचूक आहे, मग फॅक्टर ऑफ सेफ्टी कशाला?’ : एका फिरत्या पोस्टला उत्तर

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट सध्या जोरात फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वी आकडेमोड स्लाइड रूलवर (गणिताच्या सरकत्या पट्टीवर) व्हायची, चुका गृहीत धरून दीडपट-दुप्पट माल घालावा लागायचा. आता फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून गणित करणारं सॉफ्टवेअर, सहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बारीक केली की उत्तर खऱ्यावर येतं. इनपुटबद्दल शंका असेल तर दहा हजार मॉंटे कार्लो रन मारा, म्हणजे इनपुट बदलत तेच गणित दहा हजार वेळा चालवा. मॉडेल जुन्या घटनेशी जुळलं की ते सिद्ध झालं. तेव्हा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे गणितातल्या गरजेपेक्षा मुद्दाम ठेवलेली जास्तीची ताकद, हा निव्वळ ‘अज्ञानाचा कर’, आणि तो भरतो घर बांधणारा.

या पोस्टमध्ये एक शब्दप्रयोग अगदी बरोबर आहे. तो शेवटी घेतो. बाकीचे मुद्दे ओळीने पाहू.

सहा दशांश स्थळं

ही स्थळं समीकरणं सोडवण्याची आहेत. समीकरणात जे आकडे घातले त्यांची नाहीत.

एक साधा आरसीसी बीम घ्या, काँक्रीट एम२५, म्हणजे ज्याच्या चाचणीच्या ठोकळ्याची (क्यूबची) ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात ते. तो किती वाकेल हे काढायला काँक्रीटचा लवचिकतेचा गुणांक लागतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमधलं सूत्र सगळ्या इंजिनिअरांना पाठ असतं: क्यूबच्या ताकदीच्या वर्गमुळाला ५००० ने गुणा. एम२५ साठी २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सूत्राच्या लगेच खालची ओळ मात्र फार कमी जण वाचतात. तिथे कोडनेच सांगून ठेवलंय की प्रत्यक्ष मोजलेली किंमत यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असू शकते. म्हणजे २०,००० ते ३०,००० मध्ये कुठेही. आता सॉफ्टवेअरने बीम १२.४८३७१६ मिलिमीटर वाकतो असं छापलं, तर त्या उत्तराचा प्रामाणिक अर्थ ‘साधारण साडेदहा ते साडेपंधरा’ एवढाच होतो. तोही फक्त एका इनपुटपुरता. काँक्रीट वर्षानुवर्षं सरकत राहतं, त्याला तडे जातात, शटरिंग चार दिवस आधी निघतं, हे सगळं अजून बाकीच आहे. आपण मात्र १२.४८ बघून ‘१२.५ च्या आत आहे, पास’ असं लिहून मोकळे होतो.

‘मेश बारीक केली की उत्तर खरं’

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्याची किंमत नॉर्वेने मोजलेली आहे. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. पायातल्या एका पोकळ कोषाची भिंत फुटली, पंपांना आवरेना एवढं पाणी आत आलं आणि अख्खा पाया बुडाला. तळाशी आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३.० तीव्रतेची नोंद झाली. माणसं वाचली. चौकशीत निघालं ते असं: जिथे तीन कोष एकमेकांना भिडतात त्या सांध्यावर मॉडेलची मेश जाड आणि वेडीवाकडी होती, त्यामुळे तिथला शिअर (कातरणारा जोर) ४७ टक्के कमी दाखवला गेला. शिवाय तिथल्या सळ्यांचं डिटेलिंगही अपुरं होतं. नंतर नीट गणित केलं तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत जाईल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर गेली होती. इथे पोस्टवाल्याचा मुद्दा मान्य.

आता उलटी बाजू, आपल्याच घरची. कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. त्याच्या दगडी काँक्रीटच्या छेदात, पायापासून सुमारे ६६.५ मीटरवर, खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो आणि तिथे आत वळलेला कोपरा तयार होतो. हा छेद जगभरातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा आहे, कारण ‘ॲबॅकस’ या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या नमुना गणितांत कोयना आहे. साधं लिनिअर विश्लेषण (काँक्रीट कधी तडकतच नाही असं मानणारं) लावा आणि त्या कोपऱ्यातला ताण बघा. पाच मीटरच्या एलिमेंटला एक आकडा येतो, एक मीटरच्याला त्याहून मोठा, दहा सेंटिमीटरच्याला आणखी मोठा. थांबायचं नाव नाही. लिनिअर सिद्धांतानुसार अशा कोपऱ्यात ताण अनंत असतो, आणि मेश बारीक करून तुम्ही त्या अनंताचाच पाठलाग करत असता. खऱ्या धरणात अनंत ताण येत नाही, त्याआधीच काँक्रीट तडकतं. ते तडकणं मॉडेलमध्ये आणायचं तर तडा पसरायला किती ऊर्जा लागते हा आकडा हवा. तो प्रयोगशाळेतूनच येतो आणि प्रत्येक नमुन्यागणिक बदलतो. मेशची शंका मिटली, पण तिच्या जागी मटेरियलची आली. फरक इतकाच की मेशची शंका कॉम्प्युटर चालवून मिटते, आणि मटेरियलची मिटवायला नमुना काढून फोडावा लागतो.

‘दहा हजार रन मारा’

हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, म्हणून जरा थांबतो.

मॉंटे कार्लो पद्धत उत्तम आहे. इनपुटला एक ठाम आकडा न देता त्याचा पसारा द्यायचा, त्यातून पुन्हा पुन्हा आकडे उचलून मॉडेल चालवायचं आणि उत्तरांचाही पसारा बघायचा. प्रश्न असा की इनपुटचा पसारा आणायचा कुठून?

साइटवरचंच घ्या. एम२५ साठी ताकदीचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, आयएस ४५६ सुरुवातीला ४ धरायला सांगतं. म्हणून मिक्स २५ वर बेतत नाहीत, २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ वर बेततात. हेतू हा की शंभरातले जास्तीत जास्त पाच निकाल २५ च्या खाली जावेत. पुढे साइटवर ३० नमुने जमले की त्यांच्यावरून स्वतःचं विचलन काढता येतं. समजा ते नेमकं ४ आलं. छान. पण फक्त ३० नमुन्यांवर काढलेल्या ४ मागे खरं विचलन ३.२ पासून ५.४ पर्यंत कुठेही दडलेलं असू शकतं. हे संख्याशास्त्राचं साधं गणित आहे, ९५ टक्के खात्रीच्या पातळीवरचं.

याचा परिणाम बघा. सरासरी ३१.६ आणि विचलन ४ असेल, तर एखाद्या नमुन्याची ताकद १५ च्याही खाली जाण्याची शक्यता साधारण ६०,००० मध्ये १. विचलन ५ केलं की तीच शक्यता सुमारे २,२०० मध्ये १ होते. जवळजवळ सत्तावीस पट! आणि ४ की ५ हे आपल्या ३० नमुन्यांना सांगताच येत नाही. विचलन ४ धरून दहा हजार रन मारले तर बहुधा एकही नमुना १५ च्या खाली दिसणार नाही, आणि रिपोर्टमध्ये ‘अपयश शून्य’ असं दिमाखात छापून येईल. रन दहा लाख करा. चुकीच्या गृहीतकाचं उत्तर जास्त नीट मिळेल, बस्स. शिवाय पसाऱ्याचा आकार घंटेसारखाच असतो हेही आपणच ठरवलेलं. टोकाला तो तसा वागतोच असं नाही, आणि अपघात टोकालाच होतात.

मुळात अनिश्चिततेच्या दोन जाती आहेत. एका मिक्समधून निघालेले क्यूब एकसारखे निघत नाहीत, वारा रोज वेगळा वाहतो. हा निसर्गाचा स्वभाव आहे, याचा पसारा मोजता येतो. दुसरी जात म्हणजे आपल्याला माहीत नसणं. ती कमी करायला माहितीच आणावी लागते. मॉंटे कार्लो पहिल्या जातीवर चालतं. दुसरी जात तिच्यात तशीच घुसडली की ती माहिती असल्याचा आव आणते.

कोयनेला झालं ते या दुसऱ्या जातीचं. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तेव्हाची समजूत होती. भूकंप-पट्ट्यांच्या १९६६ च्या नकाशात हा भाग शून्य पट्ट्यात होता. तरीही धरणाच्या डिझाइनमध्ये ०.०५ चा भूकंप सहगुणक (वजनाच्या पाच टक्के आडवा जोर) धरलेला होता, आणि तोही पायापासून माथ्यापर्यंत सारखा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे दोनशे माणसं गेली. धरणातल्याच यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी आणि प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी त्वरण टिपलं (१ जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण). ०.०५ आणि ०.६३ यांचा थेट भागाकार करू नये, एक डिझाइनचा सहगुणक आहे आणि दुसरं क्षणभराचं शिखर. पण तेवढी सूट देऊनही गृहीत धरलेला आणि प्रत्यक्ष आलेला भूकंप एका जगातले नव्हते. ०.०५ भोवती पसारा मांडून कुणी लाखभर रन मारले असते तरी तो भूकंप त्यात सापडला नसता.

दुसरी चूक आकड्यातली नव्हती, मॉडेलच्या ढाच्यातली होती. माथ्यापर्यंत सारखा सहगुणक म्हणजे धरण हा एक ताठ ठोकळा मानणं. खरं धरण डोलतं आणि माथ्याकडे जास्त डोलतं. तडे कुठे गेले? बरोबर त्या उतार बदलणाऱ्या कोपऱ्याच्या पातळीवर, दोन्ही बाजूंनी.

लंडनचा मिलेनियम पूलही याच कारणाने फसला. १० जून २००० ला उघडला आणि लोकांच्या पावलांबरोबर आडवा डोलायला लागला म्हणून दोन दिवसांत बंद केला. गणितात चूक नव्हती. चालणाऱ्यांचा आडवा जोर आणि डोलत्या पुलावर सगळ्यांची पावलं एका तालात पडणं, हा भार मॉडेलमध्ये धरलाच नव्हता. जपानमधल्या एका पादचारी पुलावरचा असाच अनुभव १९९३ मध्ये छापून आलेला होता.

‘घटनेशी जुळलं म्हणजे सिद्ध’

कोयनेचे तडे आज कोणीही लॅपटॉपवर काढून दाखवतो. अर्थात! तडे कुठे गेले हे आधीच माहीत आहे. डॅम्पिंग (डोलणं किती लवकर विरतं ते) ३ टक्के धरा की ५, काँक्रीटची ताणशक्ती थोडी वाढवा, पायाचा खडक ताठ माना की लवचिक, अशा कितीतरी जोड्या त्याच कोपऱ्यात तडा दाखवतात. मग यातली खरी कुठली? पुढच्या, वेगळ्या भूकंपात या जोड्या वेगवेगळी उत्तरं देतील. उत्तर बघून सोडवलेल्या गणिताला मार्क नसतात.

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१९ मध्ये मिलान इथे कॅलिफोर्नियातल्या पाइन फ्लॅट धरणाचं गणित अनेक गटांना दिलं होतं. छेद तोच, माहिती तीच, हादरेही तेच. उत्तरं मात्र गटागणिक वेगळी निघाली. एकाच गटाचा एकच रिपोर्ट हातात असताना हा फरक दिसतच नाही.

‘अज्ञानाचा कर’

हाच तो शब्दप्रयोग. अगदी बरोबर आहे, फक्त पोस्टवाल्याला तो शिवी वाटतो. आयएस ४५६ मध्ये काँक्रीटच्या ताकदीला १.५ ने भागतात आणि सळईच्या ताकदीला १.१५ ने. भेदभाव का? सळई कारखान्यात तयार होते, काँक्रीट साइटवर. तयार काँक्रीटचा (आरएमसीचा) ट्रक ट्रॅफिकमध्ये अडकतो, कुणीतरी जास्तीचं पाणी मारतं, व्हायब्रेटर कोपऱ्यात पोचत नाही. जिथे अज्ञान कमी तिथे कर कमी. यात कुणाचा अडाणीपणा नाही, पसारा मोजूनच हे आकडे बसवलेले आहेत.

आणि सिम्युलेशनमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेली मंडळी काय करतात? विमानवाले पंखाला अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार धरतात, आणि तरीही एक अख्खा पंख वाकवून तपासतात. एअरबस ए३८० चा पंख फेब्रुवारी २००६ च्या चाचणीत १.५ ला पोचण्याआधी, १.४५ च्या थोडं पुढे, तुटला. एवढ्या मोठ्या वस्तूसाठी हे भाकीत जबरदस्तच म्हणायचं, पण ते किती जबरदस्त आहे हे पंख तोडल्यावर कळलं. त्यांनी तुटल्या जागेला बळकटी दिली. फॅक्टर १.४ करा असं काही म्हटलं नाही.

हा कर कमी करता येतो. त्यासाठी खर्च लायसन्स आणि प्रोसेसरवर करून भागत नाही, मोजमापावर करावा लागतो. कोयनेचा पट्टा १९७० च्या नकाशात शून्यावरून थेट चौथ्यात गेला. धरणाला खालच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन बळकट केलं, तेही पुढचा भूकंप नेमका केवढा असेल हे कुणालाच माहीत नसताना. आणि आता केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या कराडच्या प्रयोगशाळेने याच भागात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणलंय. वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट पार करून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेलंय, म्हणजे आजवर ज्या खडकाबद्दल आपण वरून अंदाज बांधत होतो तो तिथे हातात येतो.