'नवव्या महिन्यात बाळ शांत होतं' हे खरं नाही

महिन्याभरापूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामीनं एक मेसेज टाकला. वर पाळण्याचं चित्र, खाली 'दिवस भरत आलेल्या प्रत्येक मुलीला पाठवा'. त्याच आठवड्यात तो मला आणखी तिघींकडून आला. मेसेज लांबलचक आहे, पण त्यातलं सांगणं थोडक्यात असं:

नववा लागला की पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं, घाबरून दवाखान्यात पळू नये. अंगावर सूज सगळ्यांनाच येते. कूस बदलताना आधी उठून बसावं, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते. रोज दुधात तूप घ्यावं, बाळंतपण सोपं होतं. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. आणि शेवटी, पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, आता डॉक्टर पैशासाठी सिझर करतात; तेव्हा कळा सुरू झाल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढू नये.

मला आज 37 आठवडे पूर्ण झाले. पहिलटकरीण आहे, बाळंतपणासाठी कराडला माहेरी आले आहे. मामीनं मेसेज काळजीपोटीच पाठवला, तिच्यावर माझा अजिबात राग नाही. पण त्यातलं पहिलंच वाक्य एखाद्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं, आणि त्या वाक्यानं माझाही एक तास खाल्लाय. म्हणून हे लिहिते आहे.

"जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं."

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी जेवण झालं की आमचं बाळ हमखास फिरतं. उजव्या बरगडीखाली टाच रोवतं, मग सगळं पोट एका बाजूला कलंडतं. त्या दिवशी जेवले, आडवी झाले, झोप लागली. चारला उठले तेव्हा जाणवलं की आज सकाळपासून काही खास हालचाल नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आता जागा कुठंय त्याला." माझ्याही डोक्यात तो मेसेज होताच. मी अळिवाचा लाडू खाल्ला, गार पाणी प्यायले आणि गप्प पडून राहिले. एक तास. मग मात्र राहवेना. डाव्या कुशीवर वळले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागले. दोन तासांत चार.

बाबांनी गाडी काढली. दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधले, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, दुसरा कळा येतात का ते बघायला. हातात एक बटण दिलं, बाळ हललं की दाबायचं. याला एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट म्हणतात. माझी आई साड्यांना फॉल-पिको करते. यंत्रातून जो आवाज यायला लागला तो थेट तिच्या मशीनचा, पाय न थांबवता लांब शिवण घालत असल्यासारखा. मिनिटाला 140च्या आसपास. बाळाचे ठोके साधारण 110 ते 160 असतात. बाळ हललं की ते थोडा वेळ वाढायला हवेत, तसे ते वाढत होते. सगळं ठीक होतं. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "असं वाटलं की दहा वेळा ये. फक्त पुढच्या वेळी तो आधीचा एक तास घालवू नकोस."

आता मुद्दा. शेवटच्या आठवड्यांत हालचालींची जात बदलते हे खरं. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या कोलांट्या जाऊन त्यांच्या जागी ढकलणं, वळणं, ताणून पाय देणं येतं. पण हालचालींची संख्या कमी होत नाही. बाळंत होईपर्यंत, अगदी कळा सुरू झाल्यावरसुद्धा, बाळ हलत राहायला हवं. बाळ पोटात झोपतं, पण एका वेळी साधारण 20 ते 40 मिनिटं. दीड तासाच्या वर क्वचितच. हालचाल मंदावण्याचं भीतिदायक कारण असं की वारेकडून (प्लासेंटाकडून) ऑक्सिजन कमी पोचायला लागला, तर बाळ हातपाय हलवणं कमी करून तो मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवतं. म्हणजे ते शांत होणं हा बाळानं दिलेला निरोप असू शकतो. आणि मेसेज सांगतो, तो वाचू नका.

मोजायची पद्धत साधी आहे. जेवणानंतर कुशीवर निवांत पडायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. उचक्या त्यात धरायच्या नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या बाळाची रोजची चाल. साधारण 28 आठवड्यांपर्यंत ती आपल्याला कळायला लागते, आणि ती बदलली हे कळतं फक्त आपल्याला. डॉक्टरांना नाही, सासूबाईंना नाही आणि ग्रुपवरच्या मामीला तर नाहीच. लाडू किंवा गार पाणी घेऊन बाळ जागं करत बसण्यात वेळ घालवू नका. ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं यंत्रही घरी लावून समाधान मानू नका, कारण ठोके ऐकू येतात याचा अर्थ बाळ ठीक आहे असा होत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

"सूज सगळ्यांनाच येते."

पावलांवर संध्याकाळी येणारी, पाय वर ठेवले की सकाळपर्यंत उतरणारी सूज बहुतेकींना येते. माझ्या चपलांचे पट्टे दोन भोकं मागं गेलेत. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण बोटातली अंगठी एकाएकी निघेनाशी होणं, सकाळी आरशात डोळे सुजलेले दिसणं ही सूज वेगळी.

माझ्या वर्गमैत्रिणीला 33व्या आठवड्यात अशीच सूज आली. घरचे म्हणाले, मीठ कमी कर. मग डोकं दुखायला लागलं, गोळीनंही थांबेना. उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली, ती पित्ताची म्हणून सोडून दिली. तिसऱ्या दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढे खरोखरच काजवे चमकायला लागले, तेव्हा ती दवाखान्यात गेली. बीपी 160/110. लघवीतून प्रोटीन जात होतं. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेलं तर त्याची शंका घ्यायची असते, आणि लक्ष दिलं नाही तर आईला झटके येऊ शकतात. तिला मॅग्नेशियम सल्फेट दिलं. हे औषध स्वस्त आणि जुनं आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या अभ्यासात, 33 देशांतल्या सुमारे 10,000 बायकांवर, त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसून आलं. पण ते मिळायला आधी दवाखान्यात पोचावं लागतं.

या आजाराची सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे बीपी वाढलेलं आपल्याला कळतही नाही. म्हणून शेवटच्या महिन्यांत दर खेपेला बीपी आणि लघवी तपासतात. आपलं आरोग्य केंद्र लांब असेल तर आशाताईंना विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान या नावानं हे 2016 पासून चालू आहे.

"आठव्यातलं बाळ जगत नाही."

त्याच मैत्रिणीचं बाळ 33व्या आठवड्यात, म्हणजे भर आठव्यात जन्मलं. आता ते बालवाडीत जातं आणि डबा न संपवता परत आणतं.

पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. सातव्यातल्यापेक्षा आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं जास्त तयार असतात, त्यामुळे जगायची शक्यताही जास्तच. बाळ लवकर होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये हे दाखवून दिलं ते 1972 मध्ये. मैत्रिणीलाही ती दिली होती. मला या समजुतीचा राग येतो तो एवढ्यासाठी की 'आठव्यातलं आहे, हाती लागायचं नाही' असं म्हणून माणसं मुळात धावपळच कमी करतात.

"उठून बसून कूस बदला, नाहीतर नाळ गुंडाळते."

हे मला घरातल्या प्रत्येक बाईनं सांगितलंय. मीही महिनाभर पाळलं. रात्री चार-पाच वेळा कूस बदलावी लागते, लघवीला उठणं वेगळंच. प्रत्येक वेळी कोपरावर जोर देऊन उठायचं, दम खायचा, मग दुसऱ्या बाजूला कलंडायचं. माकडहाडापासून जांघेपर्यंत सगळं ओढलं जातं. एका रात्री मी नुसती बसून रडले.

नाळेचा वेढा बाळाच्या स्वतःच्या फिरण्यानं पडतो. आई कशी वळते याच्याशी त्याचा संबंध नाही. दिवस भरून जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असतेच, आणि बहुतेक वेळा ती डोक्यावरून अलगद सोडवून घेतात. झोपण्याबद्दल पाळायची गोष्ट वेगळीच आहे. 28 आठवड्यांनंतर पाठीवर झोपू नये, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडून बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. डावी किंवा उजवी, कुठलीही कूस चालते. जाग आली तेव्हा पाठीवर असाल तर घाबरायचं नाही, वळायचं. गुडघ्यांमध्ये उशी घेतली की वळणं बरंच सोपं जातं.

तूप आणि गोळ्या

तूप पोटात जातं, पचतं, संपतं. जठरातून गर्भाशयाकडे जाणारी वाट शरीरात नाही, त्यामुळे बाळाला 'वंगण' मिळत नाही. भातावर चमचाभर घ्या, मीही घेते. वाटीभर प्यायलात तर छातीत जळजळेल एवढंच. याच मेसेजच्या एका आवृत्तीत 'कळांसाठी एरंडेल घ्या' असंही आहे. ते मात्र अजिबात नको. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होतं आणि ऐन बाळंतपणात शक्ती राहत नाही.

लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, आणि तो सावळा आला तर बिघडलं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या हाताशी वेळ थोडा उरतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको.

"पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या."

व्हायच्या. माझी आजी त्यातलीच. परवा तिच्या शेजारी बसून विचारलं, तुझी किती बाळंतपणं झाली? तिनं बोटं मोडत मोजली. सात. जगलेले चार. उरलेल्या तिघांबद्दल घरात कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्या धाकट्या जावेचं नाव तर मला त्या दिवशीच कळलं. ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकरी थापल्याच्या गोष्टी सांगायला ज्या वाचल्या त्याच उरल्या.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. ती सल घेऊन त्या अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. अलीकडचं सांगायचं तर महाराष्ट्रात 2001-03 मध्ये दर लाख जन्मांमागे 149 आया दगावत होत्या; 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. या काळात बायकांची शरीरं बदलली नाहीत. दवाखान्यात पोचणाऱ्या बायका वाढल्या.

सिझरबद्दलची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरची होती, सरकारीतली 14.3 टक्के. एवढी तफावत नुसत्या आजारानं पडत नाही. मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलंय: सिझर लागलं तर कारण सांगाल ना, थांबलो तर काय होईल, आणि किती वेळ थांबता येईल. त्यांनी न रागावता उत्तरं दिली. विचारायला लाजू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, लागलंच तर सिझर, आणि जाण्यायेण्याची गाडीसुद्धा मोफत आहे, 2011 पासून.

पण त्या शंकेवरून 'कळांशिवाय जाऊ नका' हे निघत नाही. अंगावरून पाणी गेलं, विशेषतः हिरवट, तर कळांची वाट बघायची नाही. रक्त गेलं, डोकं सारखं दुखलं, बाळ कमी फिरलं, तरी नाही. दिलेली तारीख उलटली तर स्वस्थ बसायचं नाही, तपासणी चालू ठेवायची. तारखेलाच बाळंत होणाऱ्या वीसात एखादीच, पण 41 आठवडे भरल्यावर कळा सुरू करायची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते.

यातलं बरंचसं मी काल ग्रुपवर लिहिलं. तासाभरानं मामीचा फोन आला. मला वाटलं रागावली असेल. ती म्हणाली, "ते दोन तासांत दहा म्हणालीस ते कधीपासून मोजायचं गं? आमच्या सूनबाईला परवा सातवा लागतोय."