बेनची भूमिका कृष्णवर्णीय नटासाठी लिहिलेली नव्हती

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या उठून चालणाऱ्या मृतांवरच्या १९६८ च्या अमेरिकी भयपटातला बेन मुळातच कृष्णवर्णीय नायक म्हणून लिहिला होता आणि त्याचा शेवट कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येवरून सुचला, असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेखच नव्हता. कागदावर होता तो एक रांगडा ट्रक ड्रायव्हर. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी ड्वेन जोन्स यांना घेतलं ते ऑडिशन सगळ्यांत सरस झाली म्हणून; हे त्यांनीच वारंवार सांगितलंय. जोन्स शिकलेसवरलेले. पटकथेतलं ड्रायव्हरचं अडाणी बोलणं त्यांना रुचलं नाही, त्यांनी संवाद बदलून घेतले. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकता ठोकता बेन बाहेर पाहिलेलं सांगतो, तो प्रसंग पुन्हा बघा. त्या आवाजातला संयम जोन्स यांचा आहे, कागदावरचा नव्हे.

(शेवट माहीत नसेल तर इथेच थांबा.) मृतांचा बंदोबस्त करायला आलेली माणसं बेनला त्यांच्यातलाच समजून गोळी घालतात. पण हे चित्रीकरण १९६७ मधलं, किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. चित्रपट ऑक्टोबरमध्ये लागला, तेव्हा प्रेक्षकांना दोन्ही एकत्र दिसलं, एवढंच.