तुझ्याशिवाय माझं लग्न होऊच शकत नाही

सर्वप्रथम, अभिनंदन. जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरलंय आणि तिने फोनवर नाक ओढत तुम्हाला सांगितलंय, "तुझ्याशिवाय माझं लग्न होऊच शकत नाही." हे ती नवऱ्याला म्हणालेली नाही, याची नोंद घ्या. नवरा ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दाढी करून उभा राहिला की त्याचं काम संपलं. तुमचं काम फोन ठेवायच्या आधीच सुरू झालेलं असतं.

मी हे चार लग्नांच्या अनुभवावरून सांगतेय. चारही वेळा "अगं, तुझंच लग्न आहे असं समज" याला मी आनंदाने हो म्हटलं. चारही वेळा लग्न दुसरीचंच निघालं.

सुरुवात "काही लागलं तर सांग हं" या वाक्याने करा. ती लगेच म्हणेल, "तुला काहीच करायचं नाहीये. तू फक्त ये आणि मिरव." हे ऐकून निर्धास्त व्हा. सुट्टी एकाच दिवसाची टाका. दोन आठवड्यांनी रात्री पावणेबाराला एक एक्सेल शीट येईल आणि त्यात तुमच्या नावापुढे तेवीस ओळी असतील. शेवटची ओळ "इतर". या एका शब्दाला घाबरायला शिका. "इतर"मध्ये मी नवरदेवाच्या आजोबांच्या कानातल्या मशीनचे सेल शोधत भर उन्हात फिरले आहे. फुलं उधळायला नेमलेला एक पाच वर्षांचा मुलगा ती फुलं खात होता, त्याला मांडीवर घट्ट धरून बसले आहे. नवरीचे काका आणि डीजे यांना तीन तास एकमेकांच्या नजरेआड ठेवलं आहे. शीटमध्ये यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं, पण लग्नानंतर तिने त्या ओळीपुढे हिरवी खूण केली. मला भरून आलं.

मग ग्रुप. ग्रुप एक नसतो. पहिल्यात नवरी असते आणि सगळे बदाम पाठवतात. दुसऱ्यात नवरी नसते, कारण तिला सरप्राइज द्यायचंय. तिसऱ्यात नवरीची बहीण नसते, कारण दुसऱ्या ग्रुपवर ती फार सूचना करते. खरं बोलणं चौथ्यात चालतं आणि त्यात दोघीच असतात. कुठल्या ग्रुपवर काय लिहितोय हे बघायच्या भानगडीत पडू नका, मनापासून लिहीत जा. "या रंगात मी तीन दिवस ताप आल्यासारखी दिसते" हे वाक्य एकीने थेट पहिल्या ग्रुपवर टाकलं होतं. पुढचे आठ दिवस त्या ग्रुपवर एकही बदाम आला नाही. ती एकजण कोण, हे इथे महत्त्वाचं नाही. रंगाबद्दलचं माझं मत अजूनही तेच आहे.

रंगाचं सांगते. सगळ्यांनी एका रंगात यायचं असतं. तो रंग गुलाबी नसतो, राखाडी नसतो, पीचही नसतो. त्याला "डस्टी रोझ" म्हणतात. हा रंग फक्त नवरीच्या फोनच्या स्क्रीनवर अस्तित्वात असतो. तुमच्या फोनवर तो विटेसारखा दिसतो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कांद्याच्या सालीसारखा, आणि शिवून आल्यावर कोणाच्या तरी घरच्या पडद्यांसारखा. चार फूट दहा इंचांपासून पाच फूट नऊ इंचांपर्यंत अकराजणींना एकच गळा, एकच बाही. "मी मुद्दाम असं निवडलंय, की नंतर कुठेही घालता येईल," असं नवरी म्हणते. हे अगदी खरं आहे. कुठेही घालता येतं, फक्त उरलेल्या दहाजणींना बरोबर न्यावं लागतं.

अकराच का, असा क्षुद्र प्रश्न विचारू नका. इंग्लंडचा कायदा लग्नाला दोन साक्षीदार मागतो. प्राचीन रोममध्ये वरच्या घराण्यांतला एक जुना विवाहविधी होता, त्याला दहा लागायचे. तुमच्या मैत्रिणीने रोमन साम्राज्याला एकाने मागे टाकलंय, याचा अभिमान बाळगा. आणि कपडे तिनेच का ठरवायचे, हेही विचारू नका, ती खोड जुनी आहे. १० फेब्रुवारी १८४०ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, तेव्हा तिच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ धरायला १२ मुली नेमल्या होत्या आणि त्यांच्या कपड्यांचं चित्र राणीने स्वतः काढलं होतं. कपडे झाले, मुली आल्या, घोळ मात्र बाराजणींना पुरेल एवढा लांब नव्हता. त्यांच्यातल्याच एकीने लिहून ठेवलंय, की आम्ही चालत कसल्या होतो, धडपडत होतो. एकमेकींच्या टाचांना लाथा बसत होत्या, एकमेकींच्या कपड्यांवर पाय पडत होते. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राणीच्या लग्नात बाराजणींचा ताळमेळ बसला नाही, आणि तुम्ही ग्रुपवर "शनिवारी चारला प्रॅक्टिसला कोण कोण येतंय?" असं विचारून उत्तराची वाट बघताय.

प्रॅक्टिसबद्दल थोडक्यात. नाच तीन मिनिटांचा असतो आणि सहा शनिवार खातो. तुम्हाला मागच्या ओळीत टाकतील. रागावू नका, मागच्या ओळीत चुका दिसत नाहीत. शेवटच्या क्षणी पुढच्या ओळीतल्या दोघी आजारी पडतात, ती गोष्ट वेगळी.

पैशांचं त्याहून थोडक्यात. "सगळ्या मिळून एकच मोठं गिफ्ट देऊ" ही कल्पना तुमची असेल, तर पैसेही तुमच्याच कार्डावरून जातील. आठजणी त्याच दिवशी देतील, एक आठवडाभराने. आणि एकजण प्रत्येक आठवणीला "अगं हो!!" आणि हात जोडलेलं चित्र पाठवेल. तिच्याशी संबंध बिघडवू नका. एक्सेल शीटमध्ये पुढचं लग्न तिचंच आहे.

आता कधीतरी, रात्री एक वाजता, पाहुण्यांच्या पिशव्यांना फिती बांधताना तुमच्या मनात येईल, की या कामाचे लोक पैसे घेत असतील. घेतात. अमेरिकेत २०१४ साली एका बाईने चक्क जाहिरात दिली, की मी पैसे घेऊन अनोळखी नवरीची करवली होईन. लोकांना हसू आलं, पण नवऱ्यामुलींनी रांग लावली आणि तिचा तो व्यवसायच झाला. जपानमध्ये लग्नात मित्रमैत्रिणी म्हणून बसायला भाड्याने माणसं मिळतात, ती ठरल्याप्रमाणे येतात, ठरल्याप्रमाणे हसतात आणि ठरल्या वेळी निघून जातात. त्या माणसांचा हेवा करू नका. त्यांना कामाच्या आधी सांगितलेलं असतं, की हे काम आहे. तुम्हाला सांगितलेलं असतं, की हा मान आहे. मानाला ओव्हरटाइम नसतो.

(मित्राच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या पुरुषांसाठी सल्ला फार लांब नाही. अंगठी खिशात ठेवायची आणि दर चार मिनिटांनी खिसा चाचपायचा. चाचपण्याच्या नादात ती पडते, ही गोष्ट वेगळी.)

भाषण करायला सांगतील. "फक्त दोन मिनिटं, मनापासून." मनापासून बोलायच्या दोन मिनिटांसाठी तुम्ही तीन रात्री कागद फाडाल. कारण तिच्याबद्दलच्या ज्या गोष्टी खरोखर सांगण्यासारख्या आहेत, त्यांतली एकही सासरच्या माणसांसमोर सांगण्यासारखी नाही. त्यामुळे "ही लहानपणापासूनच खूप प्रेमळ आहे" असं बोला. ती खालून तुमच्याकडे बघेल आणि तुम्हा दोघींनाही माहीत असेल, की सातवीत तिने तुमच्या दप्तरात बेडूक टाकला होता.

आणि मग तो दिवस उजाडतो. एक मोठी पर्स बरोबर घ्या आणि ती आणलीय असं स्वतःहून सांगा, म्हणजे आपल्या वस्तू तुमच्याकडे द्यायला कोणीच विसरणार नाही. माझ्या पर्समध्ये मागच्या लग्नात काय होतं ते सांगते: सेफ्टी पिना (तीन आकार), चार जणांचे फोन, त्यांतल्या दोघांचे चार्जर, नवरीच्या आईच्या बीपीच्या गोळ्या, नवरीच्या वडिलांच्याही बीपीच्या गोळ्या (वेगळ्या), फेविक्विक, कोणाचा तरी दाताचा क्लिप, आणि नवरीचा चष्मा.

चष्म्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. माझ्या मैत्रिणीचा नंबर उणे साडेसहा. फोटोग्राफरने आधीच बजावलं होतं, "मॅडम, चष्मा नको, काचेवर लाइट मारतो." म्हणून लेन्स आणल्या. सकाळी मेकअपवालीने पापण्या चिकटवल्या, नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं आहे असं समजून सगळ्यांनी फोटो काढले, आणि त्या पाण्याबरोबर एक लेन्स वाहून गेली. आम्ही चौघी गुडघ्यांवर बसून गालिचा तपासत होतो. सापडली, पण मेकअपवालीच्या सँडलखाली. दुसरी लेन्स एकटी ठेवली तर चक्कर येते म्हणून तीही काढली. चष्मा माझ्या हातात देत ती म्हणाली, "जपून ठेव. आता तूच बघ."

मला वाटलं, ती चष्म्याकडे बघ म्हणतेय.

संध्याकाळी स्टेजवर पाहुण्यांची रांग लागली. नवरी मध्ये उभी, आणि मी तिच्या मागे, फुलांच्या कमानीच्या आडोशाला, फोटोत येणार नाही अशी. पुढचे अडीच तास मी तिच्या कानात बोलत होते. "जांभळं, उंच, सासरकडचं, वाक." "टक्कल, चष्मा, तुझे साहेब." "हिरवी साडी, आत्या. नाही, ती नाही, भांडलेली आत्या. हसून बोल." ती प्रत्येकाकडे बघून इतकं गोड हसत होती, की लोक खाली उतरून म्हणत होते, मुलगी किती आपुलकीने भेटते, डोळ्यांत बघून बोलते. ती त्यांच्या डोळ्यांच्या अंदाजाने बघत होती. एकदा माझंही चुकलं. मी "कॉलेजचा मित्र" म्हणाले आणि तो केटरिंगचा माणूस निघाला, पाणी द्यायला आलेला. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू आलास, मला खूप बरं वाटलं." त्यालाही बरं वाटलं असावं, कारण त्यानंतर दर दहा मिनिटांनी तो आम्हाला पाणी आणून देत होता.

मध्येच रांग जरा तुटली, तेव्हा तिने मागे न वळता हात मागे केला आणि बोटं हलवली. "आहेस ना?"

"आहे."

"पुढचं कोण?"

"गुलाबी. माहीत नाही. नुसती हस."

अशा दिवशी जेवायचं कधी, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. जेवायचं नसतं. तुमच्या हातात कोणीतरी प्लेट देईल आणि त्याच क्षणी दुसरा कोणीतरी "नवरीची चप्पल कुठाय?" असं विचारत येईल. प्लेट जिथे ठेवाल तिथे परत कधीच सापडत नाही.

फोटोंची घाई करू नका, महिन्याभराने लिंक येते. दोन हजार फोटो असतात, ते सगळे बघा. माझ्या वाट्याला आलेत सहा. एकात मी पाठमोरी आहे, एकात वाकून काहीतरी उचलतेय, तीनमध्ये कमानीच्या फुलांतून नुसतं कोपर दिसतंय. सहाव्यात मी नवरीच्या खांद्यामागून पुढे झुकून तिच्या कानात बोलतेय, डोळे बारीक करून, एखाद्या मंत्र्याच्या मागे उभ्या असलेल्या सचिवासारखी. फोटोग्राफरने त्या फोल्डरला "कँडिड" असं नाव दिलंय.

लग्नानंतर मैत्रिणीच्या फोनची वाट बघू नका. तिला वेळ लागतो, नवीन घर असतं, फिरायला जायचं असतं. तुम्ही मोठ्या मनाने समजून घ्या, आणि दिवसातून फक्त पाच-सहा वेळा तिचं लास्ट सीन बघा. माझ्या मैत्रिणीचा पहिला मेसेज अकराव्या दिवशी आला. मी पोळी तव्यावर टाकून धावले. अकरा दिवसांत मनाशी बरंच काही ठरवलं होतं: ती काय लिहील, मी काय लिहीन, रडायचं की नाही.

लिहिलं होतं, "माझा चष्मा तुझ्याकडे आहे का गं?"

मग लगेच दुसरा. "अकरा दिवस जुन्या चष्म्यावर काढले. काही दिसत नाही. नवऱ्याला सांगितलं, की दिसतंय."

मी लिहिलं, "आहे. रोज पुसून ठेवतेय."